पूर्ण उजेडात उत्तम, मंद केला की घात: टेबलदिव्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री हा दिवा बंद पडला. समोर माझ्या देखाव्यातल्या ५४ मिलिमीटरच्या छोट्या मूर्ती, चार मावळे अर्धवट रंगलेले, कड्यावरचा वॉश (पातळ रंगाचा हात) अजून ओला. दोनदा मिणमिणला आणि गेला. वॉरंटी एका वर्षाची, दिवा सात महिन्यांचा, म्हणून मी निर्धास्त होते. पुढचे तीन आठवडे त्या वॉरंटीमागे गेले आणि त्याच काळात या दिव्याबद्दलचं माझं मत दोनदा बदललं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मॉडेल कोणतं, किती वॅट, किती सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) हे सगळं जाहिरातीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. दिवाळीनंतर ३,४०० रुपयांना घेतला. क्लॅम्प घट्ट आहे, दांडा खाली येत नाही, काच तापत नाही. रंगवण्यासाठी दिवा खरंच चांगला आहे. आधी मी ट्यूबलाइटखाली रंगवायचे. रात्री नीट जमलेला भगवा शेला सकाळी बाल्कनीत नेला की विटकरी दिसायचा. या दिव्याखाली मिसळलेला रंग उन्हातही तोच राहतो. अंगरख्याच्या घड्यांमध्ये मी काळा वापरत नाही, प्रशियन ब्लूमध्ये बर्न्ट अंबर मिसळून सावली भरते. त्या मिश्रणात निळा जास्त झाला की तपकिरी, हे या उजेडात लगेच कळतं. डिसेंबरात मी या दिव्याचं कौतुक केलं होतं. ते मागे घेत नाही, पण तेव्हा मी फक्त रंगवत होते. फोटो जानेवारीत सुरू केले.

आता डिमरबद्दल, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाबद्दल. दिवा मंद केला की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. पूर्ण उजेडात एकही नाही. निम्म्यावर आणला की पुसट, आणि वीस टक्क्यांच्या खाली नेला की कड्यावर जणू कोणी जाजम अंथरलं आहे. आधी वाटलं की दोष विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. मोबाइलचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ते पट्टे जायला हवेत. इथे गेले नाहीत. म्हणजे दोष विजेचा नाही, डिमरचाच. हा डिमर उजेड कमी करतच नाही, तो दिवा भराभर चालू-बंद करतो आणि डोळ्याला सरासरी मंद भासते. खोलीत अंधार करून दिवा मंद केला आणि पेन्सिल झरझर हलवली. सलग धूसर पट्टा दिसायला हवा होता, पण सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या. दुकानात घेतानाच हे करून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि मला कोणी आधी सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते.

हे इतकं मनाला लावून घेण्याचं कारण माझा देखावा. सिंहगडाची चढाई, रात्रीची. उजेड मंद करता आला नाही तर त्या देखाव्याला अर्थच नाही. आणि मला धुकं हवं होतं, म्हणून देखाव्याच्या खोक्यात उदबत्तीचा धूर भरायचा आणि त्याची वलयं पकडायला शटर १/२०० ठेवायचं. मंद दिवा आणि वेगवान शटर, पट्ट्यांसाठी याहून वाईट जोडी नाही. फेब्रुवारी ते एप्रिल काढलेल्या फोटोंपैकी एकही ठेवण्यासारखा नाही.

ग्राहक सेवेला हे एप्रिलमध्येच कळवलं होतं. उत्तर आलं, 'हे नॉर्मल आहे.' जूनमध्ये दिवा गेल्यावर पुन्हा फोन केला. तिकडून सांगण्यात आलं, "मॅडम, तुमचा अ‍ॅडॉप्टर गेला असणार. तो अ‍ॅक्सेसरीत येतो, वॉरंटी फक्त हेडला." हेड म्हणजे उजेड देणारा वरचा भाग. नवीन अ‍ॅडॉप्टर ९५० रुपये, तोही मी अख्खा दिवा स्वखर्चाने कुरियर केल्यावर. अ‍ॅडॉप्टरशिवाय हा दिवा लागत नाही, मग तो अ‍ॅक्सेसरी कसा, हे मी चार फोनवर चार जणांना विचारलं. प्रत्येकाने नवीन तक्रार क्रमांक दिला. दिव्यापेक्षा मला या उत्तराचा जास्त राग आहे.

शेवटी एका शनिवारी पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं गाठली. एका दुकानातल्या काकांनी मीटर लावला, अ‍ॅडॉप्टर उघडला आणि म्हणाले, "ताई, कपॅसिटर फुगलाय. दुरुस्तीच्या नादी लागू नका. बारा व्होल्ट, दोन अँपिअर घ्या, आणि पिनेच्या आत प्लस आहे ना तेवढं बघा." २३० रुपये. दिवा तिथेच लागला. ९५० आणि कुरियरच्या जागी २३०! ज्यांचा दिवा गेला असेल त्यांनी आधी अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचावेत. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात, कमी नाही.

नवीन अ‍ॅडॉप्टरने पट्टे जातील अशी आशा होती. नाही गेले. डिमर हेडमध्येच आहे.

मग डिमरला हातच लावायचा नाही असं ठरवलं. दिवा पूर्ण उजेडावर ठेवून लांब नेला. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. चाळीस सेंटीमीटरवरचा दिवा ऐंशीवर, स्टुलाला क्लॅम्प केला. उजेड कमी झाला, पट्टे नाहीत, आणि एक अनपेक्षित गोष्ट झाली. मावळ्यांच्या सावल्या कडक झाल्या. पहिल्यांदाच ते खेळण्यातले वाटेनात.

कारण नंतर कळलं. देखाव्यात उजेड चंद्राचा हवा, आणि आकाशात चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश. माझ्या दिव्याचं हेड वीस सेंटीमीटरचं. चाळीस सेंटीमीटरवरून ते अठ्ठावीस अंश भरतं, म्हणजे चंद्राच्या पन्नासपटीहून रुंद. एवढ्या रुंद उजेडात सावलीची कड विरघळते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की माणूस दोन इंचाचा आहे. मी काळ्या कार्डाला एक सेंटीमीटरचं भोक पाडलं, ते दिव्यासमोर लावलं आणि देखाव्यापासून ११५ सेंटीमीटरवर ठेवलं. तेवढ्या अंतरावरून ते भोक बरोबर अर्धा अंश भरतं.

उजेड इतका कमी की शटर आठ सेकंद ठेवावं लागलं. एवढ्या वेळात धूर स्थिर राहणार नाही म्हणून मी कचरतच होते. पण आठ सेकंदांत वलयं एकमेकांत मिसळली आणि दरीत एकसारखं धुकं साचलं. ५४ मिलिमीटरच्या माणसाशेजारी धुराचं वलय सुटं दिसलं की ते शेकोटीसारखं वाटतं. तीन महिने ज्या वलयांसाठी मी वेगवान शटर लावत होते, तीच चूक होती. पंखा बंद, खोका तीन बाजूंनी बंद, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

आणि चंद्राची जागाही चुकली होती. ती रात्र माघ वद्य नवमीची, ४ फेब्रुवारी १६७०. नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास, पूर्वेला उगवतो. मावळे चढले तो डोणागिरीचा कडा गडाच्या पश्चिम अंगाला. म्हणजे उगवतीच्या चंद्राचा उजेड त्या कड्यावर पडूच शकत नाही, डोंगरच आडवा येतो. मी मात्र कडा समोरून निळाशार उजळत होते. आता भोकाचं कार्ड कड्याच्या मागे, कमी उंचीवर आहे. तटाच्या माथ्याची एक कड उजळते, सर्वात वरच्या मावळ्याच्या मुंडाशावर आणि खांद्यावर एक रेघ येते, खाली फक्त आकार. पलिता नाही, ही गुपचूप चढाई. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ३,८०० केल्विनवर ठेवला की पांढरा उजेड हवा तेवढा निळा होतो.

अशा मागच्या उजेडात चकाकणारा रंग लगेच पकडला जातो, तेव्हा चकाकी मारणारं मॅट वार्निश हवंच. जुलैत मी ते पावसाळी हवेत फवारलं आणि दोन मावळ्यांवर दुधी थर बसला. ते पुन्हा रंगवले. आता कोरड्या दिवसाशिवाय डबा उघडत नाही.

तर मत असं. फक्त रंगवायला हवा असेल तर घ्या, पण ३,४०० ला नाही. डिमर बाद आणि सेवा शून्य धरली तर याची किंमत २,००० च्या वर जात नाही. फोटोसाठी घेत असाल तर डिमर नाहीच असं समजून घ्या. मी बटण पूर्ण उजेडावर फिरवून त्यावर चिकटपट्टी लावली आहे, आणि काळं कार्ड टेबलाच्या खणात कायमचं राहतं.