'रॅम साफ करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध

ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरून पिकाची सरकारी नोंद) सुरू झाली की मराठवाड्यातल्या गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढला, तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर आणि भरलेली माहिती गायब. तालुक्याला स्टँडजवळच्या एखाद्या दुकानात फोन दाखवला की ठरलेलं उत्तर मिळतं: "रॅम फुल झालीय." दुकानदार एक क्लीनर ॲप टाकतो, चकतीवर 88 टक्के दाखवतो, बटण दाबतो, आकडा साठावर येतो. शंभर-दोनशे रुपये घेतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

गंमत म्हणजे तो आकडा खोटा असायचीही गरज नसते. अँड्रॉइड रॅम (चालू ॲप्सची तात्पुरती मेमरी) मुद्दामच भरलेली ठेवतो, म्हणजे मघाशी वापरलेलं ॲप लगेच उघडतं. जागा कमी पडली की बराच वेळ न वापरलेली ॲप्स तो स्वतःच बंद करतो. अँड्रॉइड 13 पर्यंतच्या फोनवर क्लीनर ती सरसकट मारतो. त्यातली बरीचशी थोड्याच वेळात पुन्हा उठतात, तीही पहिल्यापासून, म्हणजे बॅटरी उलट जास्त खातात. शिवाय क्लीनर स्वतः मागे चालू राहतो तो वेगळाच.

पाहणीचं ॲप बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. 2-3 जीबी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागचं ॲप मारलं जातं. शेतात जाण्याआधी फोन रिस्टार्ट करा आणि दुसरं काही उघडू नका. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये रिसेंट्समधलं (नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतलं) कार्ड दाबून धरलं की कुलूप येतं, तेही लावा. तरी हमी नाही, पण क्लीनरपेक्षा बरं. स्टोरेजमध्ये जेमतेम एक जीबी उरली असेल तर फोन हँग मारणारच. व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मधून लग्नाचे आणि गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढा. 'व्हर्च्युअल रॅम'वरही भाळू नका, ती स्टोरेजमधूनच कापलेली असते आणि खऱ्या रॅमपेक्षा बरीच संथ असते.

इथवर नुकसान दोनशे रुपयांचं. पुढचं मोठं. 'तीन दिवस फुकट' म्हणत क्लीनर यूपीआय ऑटोपे मंजूर करून घेतो आणि नंतर पैसे आपोआप कटत राहतात. ॲप काढून टाकलं तरी सबस्क्रिप्शन थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ते रद्द करावं लागतं. यूपीआय ॲपमधलं ऑटोपेचं पानही एकदा बघा.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल. कधी 'फोन फास्ट करा' म्हणून येते, कधी पीएम किसान किंवा ई-चलनाच्या नावाने. टाकल्यावर ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहसा थेट मिळत नाही. म्हणून ती पाठवणारा ठग फोन करून सांगतो: "ॲप इन्फोत जा, वरचे तीन टिंब दाबा, 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' करा." हे वाक्य कानावर आलं की फोन ठेवून द्या. ती परवानगी मिळाली की ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचतं, तुमच्या जागी बटणं दाबतं. सोबत एसएमएसची परवानगीही घेतली असेल तर ओटीपी तुमच्या नजरेस पडण्याआधी तिकडे पोचतो.

पडद्यावर आपोआप जाहिराती येत असतील तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्या मोडमध्ये आपण नंतर टाकलेली ॲप्स चालत नाहीत. जाहिराती थांबल्या तर दोषी त्यांतलंच कुणीतरी. 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स'ची यादी उघडा, चिन्ह न दिसणारं ॲपही तिथे सापडतं. काढायचं बटण चालत नसेल तर आधी 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याची खूण काढा. 'तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस' अशी सूचना बहुधा क्रोममधून एखादी साइट पाठवत असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये तिचं नोटिफिकेशन बंद केलं की विषय मिटतो.

पैसे गेले असतील तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं रोखा आणि 1930 वर तक्रार द्या. फोन रिसेट मारायची घाई करू नका. त्याआधी त्या ॲपचं नाव, आलेले मेसेज आणि व्यवहार क्रमांक यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, तक्रारीला तेच लागतात.