व्हँडरकुक एसपी-१५ प्रूफ प्रेस : बरेच महिने वापरून झाल्यावर

अमेरिकेत आमच्या इथे एका सामायिक स्टुडिओत व्हँडरकुक एसपी-१५ हे लेटरप्रेसचं, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून छापायचं, यंत्र आहे, तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळतं, आणि गेल्या हिवाळ्यापासून मी जवळजवळ दर शनिवारी त्याच्यावर काम करतेय. मशीन जबरदस्त आहे, पण ते कशासाठी बनवलंय हे आधी समजून घ्या नाहीतर उगाच नावं ठेवाल.

हे मुळात प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, काढायचं यंत्र. रॉबर्ट व्हँडरकुकने १९०९ साली शिकागोत सुरुवात केली ती ह्याच कामासाठी, म्हणजे खिळ्यांची (सुट्या अक्षरांची) जुळणी झाली की तो बांधलेला फर्मा मोठ्या मशीनवर चढवायच्या आधी चुका पकडायच्या. पुढे फोटोवरून केलेल्या सपाट प्लेटने छापायचं ऑफसेट आलं तेव्हा ह्याच प्रेसवर स्वच्छ काळंभोर प्रूफ काढायचे, त्याचा फोटो घ्यायचे आणि त्यावरून प्लेट करायचे. एवढ्या बारीक कामासाठी घडवलेलं असल्यामुळे अचूकपणाला आजही तोड नाही. एसपी-१५ मध्ये बेड, म्हणजे अक्षरं मांडायचा सपाट पाट, जागेवरच राहतो, कागद दाबणारा सिलिंडर आणि शाईचे रूळ असलेला गाडा आपण हँडल फिरवत पुढे न्यायचा, मोटर फक्त शाईसाठी. नुसती शाई लावायची असेल तर सिलिंडर वर उचलून गाडा फिरवता येतो, ही सोय मला सगळ्यात आवडते, कारण मोठ्या लाकडी अक्षरांना दोन-तीन हात शाई लागतेच.

आता पॅकिंग, म्हणजे सिलिंडरवर छापायच्या कागदाखाली घालायचे कागदाचे थर. इथे खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिमी. आमच्या मशीनचा सिलिंडर ०.०४० इंचाने आत घेतलेला आहे, ती जागा पॅकिंग आणि छापायचा कागद मिळून भरायची. मायक्रोमीटरने मोजा, अंदाजाने अजिबात नको, आणि कागद बदलला की पुन्हा मोजा. आणि एक कळकळीने सांगते, हल्ली लोकांना कागदात खोल रुतलेली अक्षरं हवी असतात म्हणून पॅकिंग वाढवत जातात. पॉलिमर प्लेटवर (प्लास्टिकच्या उठावाच्या प्लेटवर) हवं ते करा, पण जुन्या शिशाच्या नि लाकडाच्या अक्षरांवर असा दाब देऊ नका, कडा एकदा चेपल्या की संपलं, लाकडी टाइप नवीन करून देणारे आता फार कमी उरलेत. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्सला हॅमिल्टन म्युझियममध्ये लाकडी टाइपचा एवढा मोठा साठा आहे आणि तिथे तो नुसता काचेआड न ठेवता अशाच प्रेसवर छापतात, ते बघून या, हलक्या दाबातही छपाई किती भरीव येते ते कळेल.

माझं बरंचसं काम देवनागरी, मुंजीच्या नि लग्नाच्या पत्रिका वगैरे, आणि इथे देवनागरीचे खिळे कुठून आणणार, त्यामुळे पॉलिमर प्लेट अॅल्युमिनियमच्या बेसवर चिकटवून. रुळांची उंची जराही इकडेतिकडे असली तर पहिली चुगली शिरोरेषा करते, एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला फिकी. रूळ खाली असले तर ज्ञ आणि क्ष भरून जातात. रोमन अक्षरात हे खपून जातं, आपल्या लिपीत नाही. त्यामुळे उंची मोजायच्या गेजने रूळ तपासल्याशिवाय मी शाई काढतच नाही. रबर बेस शाई घ्या, मशीनवर लवकर सुकत नाही.

वेगाचं म्हणाल तर हळू. प्रत्येक कागद हाताने ग्रिपरमध्ये, म्हणजे कागद धरणाऱ्या चिमट्यांत, द्यायचा, गाडा न्यायचा, परत आणायचा, शंभर पत्रिकांपर्यंत मजा येते, त्यापुढे खांदा बोलायला लागतो. पाचशे छापायच्या असतील तर ट्रेडल छपाईयंत्रच बरं. पण पोस्टर, दोन-तीन रंगांचं काम, लिनोकट, ह्यासाठी हेच, ग्रिपर आणि कागद टेकवायचे गाइड नीट असले तर दुसरा रंग केसभरही हलत नाही.

विकत घ्यायचा विचार असेल तर रंगावर जाऊ नका. गाडा ज्या पट्ट्यांवर चालतो त्या झिजल्यात का बघा, ग्रिपर सगळे आहेत का, बेडवर खड्डे आहेत का, आणि रूळ वर्षानुवर्षं शाईच्या ड्रमला टेकून राहिलेले असले तर ते चपटे झालेले असणार, म्हणजे नव्याने रबर चढवून घ्यायचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.