सीओपीडी आणि लोह : गोळी घ्यावी की सलाईन लावावं?

मावशीचं हिमोग्लोबिन १४.१. रिपोर्टवर कुठंही ठळक अक्षर नाही, खूण नाही. तरी एसटी स्टँडपासून घरापर्यंतच्या चढावर ती तीनदा थांबते. मारुतीच्या पारावर टेकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "काय नाही गं, जरा दम खाते." चुलीपुढं पस्तीस वर्षं गेली. घरात त्याला दमा म्हणतात, डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट फुप्फुसविकार. इनहेलर नियमित चालू आहे. यावेळी डॉक्टरांनी लोहाच्या तपासण्याही करून घेतल्या : फेरिटिन (शरीरात साठवलेल्या लोहाचं माप) ७८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय त्याचं माप) ११ टक्के. "लोह कमी आहे. गोळीनं बघायचं की सलाईनमधून द्यायचं, घरी बोला," म्हणाले. घरी म्हणजे माझ्याशी.

पहिली अडचण ही की हा आजार हिमोग्लोबिन खोटं दाखवतो. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं जास्त लाल पेशी बनवायला लावतात, त्यामुळे लोह संपत आलं तरी आकडा टिकून राहतो. फेरिटिनचंही तेच. शरीरात आतून सूज (दाह) असली की ते आपोआप वाढतं, म्हणून एरवी ठीक वाटणारं ७८ इथं कमीच धरतात. हृदय निकामी होण्याच्या आजारात १००च्या खाली कमतरता मानतात, तोच मापदंड फुप्फुसवाले उसना घेतात. मी मात्र आधी लोहाच्या या सॅच्युरेशनकडे बघेन. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर हिमोग्लोबिन कितीही छान दिसो, विषय मिटलेला नाही.

आता गोळी. स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकटही मिळते, आणि सुईची भानगड नाही. पण गोळीचं लोह आतड्यातून रक्तात जायला एका दारातून जातं, आणि त्या दाराची कडी यकृतातल्या हेप्सिडिन या संप्रेरकाच्या हातात असते. सूज वाढली की हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. जुनाट फुप्फुसविकारात ही सूज कमी-जास्त प्रमाणात मुक्कामालाच असते. मग गोळी पोटात जाते, शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं, आणि सॅच्युरेशन जागचं हलत नाही. घरचे म्हणतात, "औषध लागू पडत नाही."

तरी गोळीला मोडीत काढण्याआधी ती नीट घेतली जाते का ते बघा. मावशी ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, वर ॲसिडिटीची गोळी. चहा, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं, सगळीच लोहाच्या वाटेत आडवी येतात. उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, तेही एक दिवसाआड घेतलेली बरी. एक डोस घेतला की हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते. (हे स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर तपासलेलं आहे, दमेकऱ्यांवर नाही.) आणि सीओपीडीवाल्यांनी खास लक्षात ठेवायचं : कफ वाढल्यावर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन देतात. लोह त्यांना पोटातच धरून ठेवतं, आणि मग अँटिबायोटिकच नीट लागू पडत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, नाहीतर कोर्स संपेपर्यंत लोह बंद.

सलाईन आतड्याचं दार टाळून थेट शिरेत जातं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, पंधरा-वीस मिनिटांत. बाटलीत काळ्या चहासारखं दिसतं. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण थोडं थोडं द्यावं लागतं, म्हणजे चार-पाच खेपा. तालुक्याहून येणाऱ्याला गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर ते स्वस्त राहत नाही. जोखमीही आहेत : क्वचित तीव्र ॲलर्जी, म्हणून सोय असलेल्या ठिकाणीच घ्यायचं, सुई सरकली तर कातडीवर महिनोन् महिने तपकिरी डाग, आणि कार्बोक्सिमाल्टोजनं रक्तातलं फॉस्फेट खाली येऊ शकतं.

मिळतं काय? बार्सिलोनातल्या ६६ रुग्णांच्या चाचणीत सलाईन घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची व्यायामाची तग चांगली वाढली. नुसतं मिठाचं पाणी घेतलेल्यांत पाचात एकाहूनही कमी जणांची. ऑक्सफर्डच्या गटाच्या चाचणीत ऑक्सिजनचा आकडा सुधारला नाही, चालणं मात्र थोडं वाढलं. मला हे पटतं, कारण लोह फुप्फुस दुरुस्त करत नाही. ते मांडीच्या स्नायूंना लागतं, आणि चढावर आधी पायच हात टेकतात. दोन्ही चाचण्या लहान आहेत, तेव्हा "सलाईन लावलं की दम गेला" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

संसर्ग चालू असताना सलाईन नको. जंतूंनाही लोह हवंच असतं, आणि आपल्याकडे जुन्या खोकल्यामागे टीबी नाही ना, हे आधी बघायला हवं. दुसरं, लोह गेलं कुठं? साठीच्या बाईला पाळीचं कारण नाही. मावशी गुडघ्यांसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाते. त्यानं पोटात हळूहळू रक्त झिरपतं. शौचाची तपासणी आणि गरज पडली तर दुर्बीण न करता लोह भरत बसणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

तब्येत स्थिर असेल, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) कमी असेल आणि घाई नसेल, तर मी सहा आठवडे नीट घेतलेली गोळी आणि मग पुन्हा सॅच्युरेशन, असं करेन. सीआरपी चढलेलं असेल, गोळ्या आधीच फसल्या असतील किंवा हृदयही अशक्त असेल तर डॉक्टरांना सरळ सलाईनचंच विचारेन.

मावशीनं सहा आठवडे गोळी घेतली, लिंबूपाण्याबरोबर, न चुकता. सॅच्युरेशन ११ वरून १३. मग सलाईनचा मंगळवार ठरला. सोमवारी रात्री तिचा कफ पिवळा झाला. आता अँटिबायोटिक चालू आहे, लोहाची गोळी डब्यात परत गेली आहे, आणि डॉक्टरांनी पुढची तारीख पेन्सिलीनं लिहिली आहे.