कॉर्नफ्लेक्स की ओट्स : गरम दुधाच्या घरासाठी

नाश्त्यासाठी कॉर्नफ्लेक्सचा खोका आणावा की ओट्सचे पाकीट, अशा विचारात असणाऱ्यांना कॅलरीचे आकडे पाकिटाच्या पाठीवर वाचता येतीलच. मी दोन्ही बरीच वर्षे खाल्ले आहेत, म्हणून त्या आकड्यांत न दिसणारे तेवढे सांगतो.

गोष्ट म्हणून कॉर्नफ्लेक्स अधिक रंजक, हे मान्य करायला हवे. मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे धाकटे बंधू विल कीथ यांनी १८९४ मध्ये शिजवून शिळा झालेला गहू रुळांतून काढला, तेव्हा सलग पापुद्र्याऐवजी सुट्या पाकळ्या निघाल्या. पुढे गव्हाची जागा मक्याने घेतली. डॉक्टरांच्या लेखी ते पथ्याचे खाणे होते, धाकट्याला त्यात धंदा दिसत होता, आणि साखर घालण्यावरूनही दोघांचे बिनसले. विल यांनी १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, नकला करणाऱ्यांना शह म्हणून खोक्यावर आपली सही छापली आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या गृहिणींना चक्क किराणा दुकानदाराला डोळा मारायला सांगितले. मारणारीला नमुन्याचे पाकीट फुकट!

मात्र हा पदार्थ रुजला तो चूल न पेटवता थंड दूध ओतून खाणाऱ्यांच्या घरात. केलॉग १९९४ मध्ये भारतात आली, तळोज्याला कारखानाही झाला. पण येथील घरांत दूध गरम घेतात आणि त्यात पाकळ्यांचा कुरकुरीतपणा टिकत नाही, हे तिला सुरुवातीला चांगलेच जड गेले.

माझाही निर्णय याच कारणाने झाला. वाफाळते दूध वाटीत ओतून वर्तमानपत्राची घडी उलगडेपर्यंत पाकळ्या मलूल होतात, सायीला चिकटतात, आणि चमच्यात येतो तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा. थंड दूध घ्यावे, तर आईच्या मते सकाळी फ्रिजमधले दूध पिणे म्हणजे सर्दीला आवतण. त्यातून पावसाळ्यात उघडलेला खोका चार दिवसांत सादळतो, ते वेगळेच.

ओट्सना गरम दुधाचे वावडे नाही. त्यांचा व्यापारही जुना आहे. अमेरिकेत क्वेकर या नावाची नोंदणी १८७७ ची. ते मुळातच शिजवून खायचे असल्यामुळे आपल्या खिरीच्या सवयीत सहज बसतात, आणि कांदा, मिरची, मटार घालून उपम्यासारखेही चालतात. दोष आहेतच : दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभे राहावे लागते, निवले की खळ होते, आणि पातेले वेळीच भिजत घातले नाही तर तारेची घासणीही हात टेकते. तरी मला वाटते, पातेले घासणे परवडले.

ज्यांच्याकडे थंड दूध चालते किंवा मुले आपापला नाश्ता करून शाळेत पळतात, त्यांना कॉर्नफ्लेक्स कदाचित अधिक सोयीचे पडतील. त्यांनीही श्रावण सरेपर्यंत लहान खोकाच घ्यावा. उरलेले दिवाळीच्या चिवड्यात घालू, या भरवशावर मोठा घेऊ नये; तळणीच्या चिवड्याला वाण्याकडचे मक्याचे कच्चे पोहेच लागतात.