'सोमा' : हर्णैच्या माणसाला पाण्याची भीती घालणारा गेम

मी मूळचा हर्णैचा. समुद्र मला काय घाबरवणार, अशी घमेंड होती. फ्रिक्शनल गेम्स या स्वीडिश स्टुडिओच्या 'सोमा'ने ती उतरवली. गेम २०१५ चा, त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरही चालला.

टोरांटोचा सायमन मेंदूचा स्कॅन करायला खुर्चीत बसतो आणि जागा होतो तो अटलांटिकच्या तळाशी, पाथॉस-२ या मोडकळलेल्या केंद्रात. हातात शस्त्र नाही. लपायचं, पळायचं, बस्स. सुरुवातीलाच एक मोडका रोबो भेटतो. त्याला वाटतं आपण माणूसच आहोत. पुढे जायला वीज वळवावी लागते आणि भोगावं लागतं त्याला. ते बटण दाबायला मला पाच मिनिटं लागली. बायको म्हणाली, "अहो, गेम आहे तो!"

खरी भीती मात्र खोल दरीत. यंत्र खाली जात राहतं, जातच राहतं. मग काळ्याकुट्ट पाण्यात, मिणमिणत्या दिव्यांच्या आधाराने चालायचं. तिथे पाण्याचा दाब कानात जाणवतो, शपथ! हेडफोन लावाच.

राक्षसांची लपाछपी मला कंटाळवाणी वाटली. एकदा चुकलं की परत तेच. पण २०१७ मध्ये आलेला 'सेफ मोड' लावला तर ते जीव घेत नाहीत. मी तो लावला, लाज वाटली नाही. शेवट सांगत नाही. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. पाचपैकी साडेचार.