वजनदार चेंडू की नेहमीचा? सॉफ्टबॉल पिचरसाठी काय निवडावं

पिचरचा, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, वेग वाढवायचा म्हटलं की तीन वाटा समोर येतात. नेहमीच्याच चेंडूने सराव आणि जोडीला ताकदीचे व्यायाम, ही पहिली. थोडा जड आणि थोडा हलका चेंडू आलटूनपालटून वापरणं, ही दुसरी. दुप्पट किंवा त्याहून जड चेंडू, ही तिसरी. शेवटच्या दोन्हींना सरसकट ‘वेटेड बॉल’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण हातावर पडणारा ताण दोन्हींत अजिबात सारखा नसतो.

चेंडू खालून फेकला की खांद्याला काही होत नाही, असं अजूनही ऐकू येतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या विंडमिल पिचिंगच्या (हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू फेकण्याच्या) एका अभ्यासात हात खांद्यातून बाहेर ओढणारं बल पिचरच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे 98 टक्के भरलं होतं. शिवाय चेंडू सुटताना कोपर आवरायचं काम बायसेप्सवर येतं. म्हणूनच विंडमिल पिचर खांदा पुढच्या बाजूने दुखतो म्हणून सांगतात. वजनदार चेंडूचा विचार या ओझ्यावर आणखी ओझं म्हणूनच करायला हवा.

दुपटीहून जड चेंडू पूर्ण विंडमिलने जोरात फेकणं मी कोणालाच सुचवणार नाही. हात मंदावतो, तो भरून काढायला खांदा उचलला जातो, धड पुढे झुकतं, आणि सराव होतो तो चुकीच्या फेकीचा. बेसबॉलमधला 2018 चा एक अभ्यास इथे डोळ्यांसमोर ठेवावा. 13 ते 18 वर्षांच्या मुलांनी सहा आठवडे 2 ते 32 औंसांचे चेंडू वापरले. वेग 3.3 टक्क्यांनी वाढला, पण त्या गटातल्या 24 टक्के मुलांना दुखापत झाली. तिथे हात वरून फिरतो, त्यामुळे आकडे जसेच्या तसे सॉफ्टबॉलला लावता येणार नाहीत. तरी वाढत्या वयाच्या हाडांचा आणि सांध्यांचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

दुसरी वाट वेगळी. सॉफ्टबॉलचं नियमातलं वजन साधारण 178 ते 198 ग्रॅम. त्याच्या 20 टक्के इकडेतिकडे, म्हणजे सुमारे 150 आणि 225 ग्रॅमच्या चेंडूंनी फेक फारशी बिघडत नाही. जड चेंडू ताकद मागतो, हलका हाताला वेगाने फिरायची सवय लावतो. मात्र हलका म्हणजे निर्धोक, असं समजू नये. हात जितका वेगात फिरेल तितकंच त्याला थांबवणंही अवघड. चेंडूचा आकार नेहमीचाच हवा, नाहीतर पकड बदलते. फेक जाळीत करावी. जड चेंडू कॅचरच्या हातावर नको आणि बॅटरसमोर तर मुळीच नको.

ही वाट कोणासाठी? वाढ बऱ्यापैकी पूर्ण झालेली, वर्षभरापेक्षा जास्त काळ एकाच पद्धतीने स्वच्छ फेकणारी, कुठलीही वेदना नसलेली पिचर. तीही हंगाम नसताना, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, अंग नीट गरम झाल्यावर आणि थोड्याच फेकींपुरती. एकूण फेकींच्या मोजणीत या फेकीही धराव्यात. त्या ‘जादा सराव’ म्हणून बाहेर ठेवल्या की हिशेब तिथेच चुकतो. स्पर्धेत एका दिवसात दोन सामने टाकणाऱ्या मुलीला जड चेंडू देणं तर सरळसरळ अन्याय आहे.

उरलेल्या सगळ्यांना, विशेषतः लहान वयाच्या मुलींना, पहिली वाटच जास्त देते. विंडमिलचा मोठा वेग पायाच्या रेट्यातून आणि कंबरेच्या वळणातून येतो. चेंडू जड केल्याने यातलं काही शिकवलं जात नाही. स्क्वॉट, एका पायावरच्या उड्या, मेडिसिन बॉल (व्यायामाचा मोठा, जड चेंडू) दोन्ही हातांनी कंबरेतून फेकणं आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबरी पट्टीचे व्यायाम, यांनी वेगही वाढतो आणि हात आवरणारी यंत्रणाही तयार होते. फायदा दिसायला महिने लागतात, हे खरं. वेग मोजणाऱ्या रडार गनवरचा आकडा लगेच हवा असणाऱ्या पालकांना तेवढं थांबणं जड जातं.

कुठलीही वाट घेतली तरी खांद्याच्या पुढे टोचणं, मुंग्या येणं किंवा चेंडू अचानक भलतीकडे जायला लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवसाची फेक तिथेच थांबवावी आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं.