टिळकवाडीतलं नर्सिंग होम: भुलीच्या मॅडमना पैकीच्या पैकी, बाकी काठावर पास

आईच्या पित्ताशयातले खडे काढायला खानापुराहून बेळगावला आणलं. सर्जन चांगलेच आहेत, पण मी लिहितोय ते भूल देणाऱ्या मॅडमसाठी.

शुगर, बीपी, दात हलतात का, एवढं विचारून सही, अशीच भुलीची तपासणी मी आजवर बघितली. मॅडमनी विचारलं, "काकू, आधी कधी भूल घेतलीय? नंतर काही त्रास?"

"काय नाही वो, कावीळ तेवढी झाली होती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

१९८७ साली आईची गर्भपिशवी काढली. टाक्यांत पू झाला म्हणून महिन्याच्या आत पुन्हा भूल दिली. मग ताप, पाठोपाठ डोळे पिवळे. घरच्यांनी पाण्यावर खापर फोडलं आणि झाडपाल्याचं औषध पाजलं. मॅडम जुने कागद बघितल्याशिवाय पुढे जाईनात. शेवटी भावाने ट्रंक उपसून फोटो पाठवला. त्यावर नाव होतं हॅलोथेन.

हा भुलीचा गॅस १९५६ साली वापरात आला. त्यातला साधारण २० टक्के यकृतात फुटतो, आयसोफ्लुरेन या नंतरच्या भुलीच्या गॅसचा जेमतेम ०.२ टक्के. फुटलेले तुकडे यकृताच्या प्रथिनांना चिकटतात आणि एखाद्याचं शरीर आपल्याच यकृतावर उलटतं. असं होणं दुर्मीळ, पण थोड्या दिवसांत पुन्हा तोच गॅस दिला की धोका वाढतो. आज खात्री करता येणार नाही, पण झालं असेल असंच धरून चालायचं, असं त्या म्हणाल्या. हिपॅटायटिस बी-सी तपासलं, काही निघालं नाही.

सेव्होफ्लुरेन या आणखी एका गॅसची फुटायची वाट वेगळी, तरी गॅस नकोच ठरलं. मशीनवरचे व्हेपोरायझर, म्हणजे भुलीचा गॅस सोडणारे डबे, काढले, नळ्या नव्या लावल्या, बराच वेळ नुसता ऑक्सिजन सोडला. भूल शेवटपर्यंत शिरेतून, दुधासारख्या पांढऱ्या प्रोपोफॉलची. नंतरची यकृताची रक्ततपासणी, एसजीपीटी, नॉर्मल. फाइलवर लाल शाईत: हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन देऊ नये.

आता बाकीचं. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. नर्सताईंनी अर्ध्या मराठीत वाचून दाखवलं म्हणून निभावलं. बिलाच्या काउंटरवर कुणी धड बोलत नाही. प्रोपोफॉलचे पैसे वेगळे लागतात, आधी विचारून घ्या. डबा घरून न्या, कँटीनचं उप्पीट घशाखाली उतरत नाही.